सॅव्हानात उतरायचं कुठे: नदीकाठची वखार की चौकातलं घर?

ॲटलांटाहून गाडीने चार तासांत सॅव्हाना येतं, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं जुनं बंदराचं गाव, त्यामुळे भारतातून घरी कुणी आलं की आमची तिथली फेरी ठरलेली. जुन्या इमारतीतच राहायचं, हेही ठरलेलं. महामार्गालगतच्या मोटेलात राहून हे गाव बघणं म्हणजे रस्त्यावरून गाडीत बसूनच देवाला हात जोडण्यासारखं. मग प्रश्न उरतो तो एवढाच: नदीकाठी कापसाच्या जुन्या वखारीत उतरायचं, की दक्षिणेकडे जोन्स स्ट्रीटच्या आसपास एखाद्या जुन्या घरातल्या ‘इन’मध्ये? मी दोन्ही करून पाहिलंय आणि दोन्ही खेपांना आई-बाबा सोबत होते.

आधी वखारीची बाजू मांडतो, कारण ती लेचीपेची नाही. जाडजूड विटांच्या भिंती, उघड्या लाकडी तुळया आणि खिडकीखाली नदी. बंदर नदीत आणखी वरच्या अंगाला आहे, त्यामुळे चाळीएवढी कंटेनर जहाजं अगदी समोरून सरकत जातात. बाबा चहाचा कप घेऊन खिडकीत बसले ते दोन दिवस हललेच नाहीत. त्यात त्यांना इथल्या कापसाचा मुंबईशी असलेला धागा आठवला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं कोंडली, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि तो मुंबईहून जायला लागला. इथला धंदा बसला तेव्हा मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये इथली लढाई संपली आणि तिकडे मुंबईचे शेअर गडगडले. “म्हणजे यांचं भांडण मिटलं आणि आपले लोक बुडाले,” बाबा म्हणाले. वखारीत झोपून हे ऐकण्यात मजा आहे, नाही म्हणत नाही.

घोडं अडलं ते पायऱ्यांवर.

गाव नदीपासून साधारण ४० फूट उंच कड्यावर आहे आणि वखारी त्या कड्याला टेकून उभ्या आहेत. खालचे मजले नदीकडे रिव्हर स्ट्रीटवर उघडतात, तर वरचे मजले छोट्या लोखंडी पुलांवरून बे स्ट्रीटच्या बाजूला. फोटोत फार सुरेख दिसतं. पण खाण्यापिण्याची बरीच गर्दी खाली, बघायचं गाव वर आणि मध्ये दगडी जिने. एकेक पायरी वेगळ्या उंचीची, पावसात निसरडी, आणि शेजारी पाटी: ऐतिहासिक पायऱ्या आहेत, स्वतःच्या जबाबदारीवर वापरा. आमच्या हॉटेलात लिफ्ट होती, पण तिचं नदीकडचं दार रात्री बंद करायचे. हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. जेवून परत आलो तर आई पायथ्याशी उभी. “जेजुरी चढलेय मी,” ती म्हणाली, “पण तिथे वर खंडोबा तरी होता.”

खाली फरसबंदी म्हणावी तर तीही जहाजांतून आलेल्या दगडांची. जहाजं रिकामी येताना तोल राहावा म्हणून दगड भरून यायची, दगड इथे टाकायची आणि कापूस घेऊन जायची. आमच्या बॅगेचं एक चाक अजून तिथेच कुठेतरी असेल. खाली उतरायला सार्वजनिक लिफ्टही आहे. ती आम्हाला निघायच्या दिवशी सापडली. तुम्ही तिशीतले दोघंच असाल, तर हा सगळा परिच्छेद सोडून द्या.

दुसऱ्या खेपेला जोन्स स्ट्रीटजवळ उतरलो आणि गाव एकदम सपाट झालं. जॉर्जिया वसाहतीचा संस्थापक ओगलथॉर्प याने १७३३ मध्ये आखलेल्या या गावाचे चौक नकाशात नुसते हिरवे ठिपके वाटतात, त्यांची खरी किंमत गुडघे दुखणाऱ्या माणसाबरोबर चालताना कळते. एकूण २४ झाले होते, आज २२ आहेत. नदीकडून फोर्सिथ पार्ककडे बुल स्ट्रीटने निघालं की वाटेत पाच चौक लागतात, प्रत्येकात बाकं आणि डोक्यावर लाइव्ह ओकच्या, म्हणजे सदाहरित ओक झाडांच्या फांद्या, त्यांवरून लोंबणाऱ्या राखाडी जटा. आईने मैलभराचं अंतर बाकाबाकाने, गप्पा मारत काढलं. माँटेरे चौकातलं गॉथिक घाटाचं देऊळ तिला चर्च वाटलं. ते ज्यूंचं सिनेगॉग निघालं. जोन्स स्ट्रीटवरच मिसेस विल्क्सची खानावळ आहे. तिथे दहा-दहा अनोळखी माणसं एका टेबलाला बसतात, वाडगी हातोहात फिरतात आणि जेवण झालं की आपली ताटली आपणच आत नेऊन ठेवायची. पंगतच म्हणा ना! शाकाहारी असाल तर प्रत्येक भाजीबद्दल विचारून घ्या, पालेभाजीतसुद्धा मांस निघू शकतं.

इथेही सगळं गोड नाही. ही घरं उंच जोत्याची, दारापर्यंत रस्त्यावरूनच जिना, आणि लिफ्ट बहुतेक ठिकाणी नसते. म्हणून खोली घेताना ‘गार्डन लेव्हल’ मागा, म्हणजे जोत्याखालचा मजला. थोडा अंधार असतो आणि खिडकीतून लोकांचे बूट दिसतात, पण चढायचं नसतं. रात्री भुतांच्या सहलीही येतात. एक गाइड आमच्या खिडकीसमोर उभा राहून आमच्याच घरातल्या बाईचं भूत रंगवून सांगत होता. आईने पडदा सारून बाहेर पाहिलं आणि सहलीतल्या दोघी जणी खरंच किंचाळल्या.

मधला मार्ग हवा असेल तर ब्रॉटन स्ट्रीटवर १८५१ चं मार्शल हाउस आहे, यादवीत तिथे सैनिकांचं रुग्णालय होतं. मी राहिलेलो नाही, म्हणून जास्त बोलत नाही.

कुठेही उतरा, पण ओगलथॉर्प चौकाजवळचं ओवेन्स-थॉमस घर चुकवू नका. पुढे १८१९ चा दिमाखदार वाडा, मागे गुलामांच्या खोल्या, छताला अजून जुना निळा रंग. वखारीच्या खिडकीतून हे दिसत नाही. बाबा तिथून बाहेर आल्यावर बराच वेळ कापसाबद्दल काही बोलले नाहीत.

पुन्हा जायचं झालं तर मी जोन्स स्ट्रीटच धरेन, पण मार्चच्या मध्यावर नाही. सेंट पॅट्रिक्स या आयरिश सणाच्या मिरवणुकीला गावात पाय ठेवायला जागा नसते. बाबांचं मत अजून वखारीलाच आहे. त्यांच्यासाठी तोड अशी काढली: सकाळी त्या सार्वजनिक लिफ्टने खाली सोडायचं, फुकटच्या फेरीबोटीत बसवायचं आणि जेवायच्या वेळेला घ्यायला जायचं.