बुडालेल्या जहाजांतली चिनी माती: काही महिने घरात ठेवल्यावर

नानकिंग कार्गो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, बुडालेल्या जहाजातल्या मालापैकी एक पेला-बशीचा जोड आणि तेक सिंग या दुसऱ्या बुडालेल्या जहाजातला एक वाडगा, असे दोन नग काही महिन्यांपासून माझ्याकडे आहेत. काचेच्या कपाटात ठेवलेले नाहीत. टेबलाशेजारच्या फळीवर असतात आणि रोज हातात घेतले जातात, त्यामुळे घेताना न दिसलेलं बरंच काही आता दिसतं.

आधी जोडाबद्दल. डच ईस्ट इंडिया कंपनीचं गेल्डरमाल्सेन जहाज कँटनहून हॉलंडला जाताना जानेवारी १७५२ मध्ये दक्षिण चीन समुद्रात खडकावर आपटून बुडालं. बुडालेल्या जहाजांतला माल काढणाऱ्या मायकल हॅचरने १९८५ मध्ये माल वर काढला, तोच हा नानकिंग कार्गो. पुढच्या वर्षी ख्रिस्तीज या लिलावसंस्थेने अ‍ॅमस्टरडॅमला त्याचा लिलाव केला. दीड लाखाच्या आसपास नग होते. जहाजावरचा मोलाचा माल मात्र चहा होता. त्याचा लगदा भांड्यांभोवती बसला आणि त्यानेच ती दोनशेहून जास्त वर्षं सांभाळली. माझा पेला बिनकानाचा, बाहेरून तपकिरी आणि आत निळ्या रंगात मंडप नि झाड. कडेला एक बारीक टवका उडालाय, पण निळा रंग अजून तजेलदार आहे. तो झिलईच्या खाली असतो म्हणून टिकला. त्याच जहाजातल्या इमारी या जपानी पद्धतीच्या भांड्यांवरचे लाल आणि सोनेरी रंग झिलईच्या वर होते, ते समुद्राने खाल्ले. असा नग दिसला तर दिवा तिरका धरून बघा, गेलेल्या फुलांच्या रेषा पुसट दिसतात. मला ते फार आवडतं.

तेक सिंगचा वाडगा साधा, फूच्येन प्रांतातल्या दहुआच्या भट्टीतला. झिलई किनाऱ्यावर सापडणाऱ्या काचेसारखी धुरकट झाली आहे आणि बुडाच्या कडेला प्रवाळाचा खडबडीत थर आहे. तो काढू नका. व्हिनेगर किंवा लिंबू तर अजिबात नको. सुरुवातीला एका तड्याच्या रेषेवर पांढरी भुकटी यायची. ते आत मुरलेलं मीठ. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवून, पाणी पुन्हा पुन्हा बदलून, शेवटी सावलीत सावकाश वाळवल्यावर ते थांबलं. विकणाऱ्यांनी हे आपणहून सांगायला हवं, पण बहुतेक जण सांगत नाहीत.

तेक सिंग १८२२ मध्ये अमॉयहून (आताचं शियामेन) बटाव्हियाला (आताचं जकार्ता) जाताना गॅस्पर सामुद्रधुनीत बुडालं. त्यावर दोन हजारांच्या आसपास माणसं होती, वाचली दोनशेच्या आसपास. वाडगा उचलताना हे रोज आठवतं आणि ते आठवलंच पाहिजे असं मला वाटतं. १९९९ मध्ये हॅचरनेच साडेतीन लाखांच्या आसपास नग काढले आणि २००० मध्ये स्टुटगार्टला ते विकले गेले. पुरातत्त्वाच्या दृष्टीने असे उपसे नुकसानकारकच. युनेस्कोच्या २००१ च्या करारात पाण्याखालच्या वारशाच्या अशा व्यापाराला विरोध आहे, तो मला पटतो. म्हणून त्या जुन्या लिलावांतले, कागदपत्रं असलेलेच नग मी घेतो. ‘कोळ्याच्या जाळ्यात नुकतंच सापडलंय’ असं कोणी म्हणालं की विषय संपला.

लिलावाच्या नुसत्या स्टिकरवर विसंबू नका. स्टिकर एका भांड्यावरून काढून दुसऱ्यावर चिकटवता येतो. लॉट नंबर (लिलावातला नगाचा क्रमांक) लिलावाच्या कॅटलॉगशी जुळवा आणि बुडाचा फोटो तिरक्या उजेडात मागा. समुद्राची झीज सहसा एकसारखी नसते: गाळात रुतलेला भाग चकचकीत, उघडा राहिलेला मंद. सगळीकडून सारखाच खरवडलेला नग मला संशयास्पद वाटतो.

पहिलाच नग असेल तर तेक सिंगचा वाडगा घ्या. तो नानकिंगपेक्षा बराच स्वस्तात मिळतो आणि समुद्राने काय केलं ते त्यावर जास्त दिसतं. मी आता डायना जहाजाच्या मालावर नजर ठेवून आहे. हे जहाज १८१७ मध्ये कँटनहून मद्रासकडे येताना मलाक्काजवळ बुडालं, म्हणजे हा माल आपल्याकडच्या बंदरात उतरणार होता. १९९५ च्या अ‍ॅमस्टरडॅमच्या लिलावातली एखादी ताटली, मूळ कागदांसह, हवी आहे.