होमबिल्ट विमानातील इलेक्ट्रॉनिक इग्निशनची कॉइल : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

ओहायोत घराच्या गॅरेजमध्ये बांधलेल्या माझ्या आरव्ही-७ या छोट्या विमानाला लायकमिंग ओ-३६० हे चार सिलिंडरचे इंजिन आहे. त्याच्या प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात आणि त्यांना ठिणगी देणारे दोन मॅग्नेटो, म्हणजे इंजिनाच्याच फिरण्यातून वीज तयार करणारी यंत्रे. डावा मॅग्नेटो मी तसाच ठेवला आणि उजव्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले. चौदा महिन्यांत त्यावर ११० तासांचे उड्डाण झाले. ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या कंट्रोलरबद्दल माझी तक्रार नाही. त्रास झाला तो कॉइलमुळे, म्हणजे ठिणगीसाठी उच्च विद्युतदाब तयार करणाऱ्या गुंडाळीमुळे, आणि ती निवड माझीच होती.

कंट्रोलरसोबत आलेला मोटारीचा साधा कॉइलपॅक बाजूला ठेवून मी शर्यतीच्या गाड्यांसाठी विकला जाणारा एक कॉइलपॅक घेतला, कारण त्याच्या खोक्यावर ४५,००० व्होल्ट असे ठळक छापले होते. वास्तविक कॉइलचा विद्युतदाब प्लगच्या फटीत ठिणगी पडेपर्यंतच चढतो, त्यामुळे माझ्या ०.९ मिलिमीटरच्या फटीला त्या आकड्याचा काहीच उपयोग नव्हता. विद्युत अभियंत्याने हे विसरावे याची लाज वाटते.

पाहायला हवा होता तो ड्वेल, म्हणजे ठिणगीपूर्वी कॉइल ऊर्जेने भरण्यासाठी तिच्या प्रायमरी (पहिल्या) गुंडाळीतून प्रवाह किती वेळ वाहू द्यायचा तो काळ. नवी कॉइल मूळ कॉइलपेक्षा लवकर भरत होती, पण कंट्रोलरमधली वेळ मी बदलली नाही, आणि कॉइल भरल्यानंतर वाहणारा सगळा प्रवाह नुसती उष्णता होऊन तिच्यातच मुरत राहिला. त्यात भर म्हणजे मी ती क्रँककेसच्या (इंजिनाच्या मुख्य कवचाच्या) माथ्यावर बसवली होती, जिथे इंजिन बंद केल्यावर हवा थांबते आणि खालची सारी धग वर येते.

पस्तीसाव्या तासाच्या सुमारास, इंधन भरून लगेच पुन्हा उड्डाण केले असता, चढतानाच १ आणि २ क्रमांकांच्या सिलिंडरांचे एक्झॉस्ट तापमान एकाच वेळी वाढले. लायकमिंगचा फायरिंग क्रम १-३-२-४ असल्याने वेस्ट स्पार्क पद्धतीत (एक कॉइल दोन सिलिंडरांना एकाच वेळी ठिणगी देते ती पद्धत) १ व २ यांना एकच कॉइल असते, आणि दोनपैकी एकाच प्लगवर चालणाऱ्या सिलिंडरात मिश्रण सावकाश जळून एक्झॉस्ट अधिक गरम होतो. त्यामुळे निदानाला वेळ लागला नाही. मॅग्नेटोच्या भरवशावर परत उतरलो. दुसऱ्या दिवशी थंड कॉइल मल्टिमीटरवर निर्दोष दिसली, कारण सेकंडरीचे, म्हणजे उच्च दाबाच्या गुंडाळीचे, इन्सुलेशन फक्त तापल्यावर दगा देत होते. बाकावरच्या थंड मापनावर विसंबू नये, हे तेव्हा कळले.

त्यानंतर मूळ कॉइलपॅक बसवला, तोही फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांमधल्या भिंतीवर), ब्लास्ट ट्यूबची, म्हणजे बाहेरची हवा आणणाऱ्या नळीची, थंड हवा लागेल असा. इंजिन हलते आणि फायरवॉल हलत नाही, म्हणून एच.टी. लीडना (कॉइलपासून प्लगपर्यंतच्या उच्च दाबाच्या तारांना) सैल वळण ठेवावे लागले. लीड लांबल्या, पण रेझिस्टिव्ह (रोध असलेल्या) असल्याने रेडिओत खरखर आली नाही. २,४०० आरपीएमला प्रत्येक कॉइल सेकंदाला ४० ठिणग्या देते, म्हणजे दोन ठिणग्यांमध्ये २५ मिलिसेकंद मिळतात. त्यात साडेतीन मिलिसेकंदांचा ड्वेल कॉइलला पुरेसा विसावा देतो. तांब्याचा रोध २५ अंशांवरून १०० अंशांवर जाताना सुमारे ३० टक्के वाढतो, हेही ड्वेल ठरवताना धरले. (कपॅसिटरमधून ठिणगी देणाऱ्या सीडीआय यंत्रणेची कॉइल मात्र वेगळ्या जातीची असते, ती इथे चालत नाही.)

पुढच्या ७५ तासांत एकदाही मिसिंग (ठिणगी चुकणे) झालेले नाही. हा कॉइलपॅक मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात सहज मिळतो, त्यामुळे एक जादा घेऊन सामानाच्या कप्प्यात ठेवला आहे. सध्या खटकते ते एवढेच की त्याच्या कनेक्टरची प्लास्टिकची कडी उष्णतेने ठिसूळ झाली आहे. वार्षिक तपासणीत ती बदलेन. उजवी बाजू कितीही सुरळीत चालली, तरी डावा मॅग्नेटो काढण्याचा माझा विचार नाही.