स्वतःच्या प्लॉटवर घर बांधून घेताय? आमच्यासोबत काय झालं ते आधी वाचा

बरेच दिवस लिहू की नको करून राहिलो होतो. घरचे म्हणत होते जाऊ दे, चारचौघात कशाला सांगायचं. पण मागच्या महिन्यात एक गोष्ट घडली (ती शेवटी सांगतो) आणि वाटलं की नाही, लिहायलाच पाहिजे. नागपुरात सध्या बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर, नरसाळा, जिकडे पहाल तिकडे लोक प्लॉटवर घरं बांधून राहिले आहेत आणि त्यातल्या निम्म्यांचा तरी ठेकेदार "ओळखीतला" असेल.

आमचा पण ओळखीतलाच होता. बहिणीच्या सासरकडून आलेला. बेसा साईडला बाबांनी खूप वर्षांआधी घेतलेला १५०० फुटांचा प्लॉट, बाबा कोराडीच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले, त्यांचा पैसा होता, थोडं माझं होम लोन. वर-खाली मिळून १८०० फूट, रेट ठरला १७५० रुपये फूट, विथ मटेरियल. म्हणजे साडेएकतीस लाख. २०२३ च्या अक्षय तृतीयेला, २२ एप्रिलला भूमिपूजन झालं. त्या माणसाने बाबांच्या पाया पडून सांगितलं, "काका, दसऱ्याला तुम्ही नव्या घरात." बाबांच्या डोळ्यात पाणी आलं होतं, मला अजून दिसतं ते.

करारनामा १०० च्या स्टॅम्प पेपरवर, दोन पानं. मी वाचला होता, नाही असं नाही. पण काय लिहिलं आहे ते वाचलं, काय लिहिलेलं नाही ते नाही वाचलं. "ब्रँडेड लोखंड" लिहिलं होतं, कोणतं ते नाही. "चांगल्या दर्जाचं सिमेंट" होतं, काँक्रीटचा ग्रेड नाही. फुटिंग (कॉलमखालचा काँक्रीटचा पाया) किती खोल, एक शब्द नाही. आणि १८०० फूट म्हणजे नेमकं काय मोजायचं हे पण नाही. आम्ही समजलो बांधकाम, त्याने शेवटी मोजलं तेव्हा बाल्कनी, जिना, वरचं जिन्याचं हेडरूम, पोर्च, खिडक्यांवरचे छज्जेसुद्धा धरले आणि २१३० फूट काढले. ३३० फूट वाढले म्हणजे ५,७७,५०० रुपये. आम्ही वाद घातला तर म्हणे "दादा, नागपुरात सगळे स्लॅब एरियावरच काम करतात." करत असतील, पण मग पहिल्या दिवशी कागदावर का नाही लिहिलं?

आता खरी गोष्ट, पैसे कसे द्यायचे त्याचं टेबल. १० टक्के बुकिंगला, २० खोदकाम सुरू करताना, २० जोत्याला, २० पहिल्या स्लॅबला, १५ दुसऱ्या स्लॅबला, १० प्लास्टरला आणि शेवटचे फक्त ५ फिनिशिंगला. बघायला ठीकच वाटतं ना. आम्हालाही वाटलं. पण नीट पहा, दुसरा स्लॅब टाकून झाला की ८५ टक्के पैसे गेले, आणि तेव्हा घर म्हणजे फक्त सांगाडा आणि थोड्या विटा असतात. टाईल्स, लाईट, नळ, दारं-खिडक्या, रंग, किचन, जो महागडा भाग आहे तो सगळा बाकी. आमचे तोवर २६,७७,५०० गेले होते आणि नंतर ज्या इंजिनियरकडून मोजमाप करून घेतलं त्यांनी साईटवरचं काम सांगितलं १५ लाखांच्या आसपास. म्हणजे जवळपास पावणेबारा लाख त्याच्या खिशात आणि आम्ही त्याच्या मुठीत. भांडलो तर काम बंद, नाही भांडलो तरी काम बंद.

यात एक गोष्ट मला फार लागते. बँक होम लोनचे पैसे टप्प्याटप्प्याने सोडते, आधी तिचा माणूस येऊन काम बघून जातो. तर प्रत्येक वेळी बँक म्हणायची की एवढं काम दिसत नाही, एवढे पैसे देता येणार नाही. आणि आम्ही चिडायचो कोणावर, तर बँकेवर! ठेकेदार म्हणायचा बँकवाले असेच त्रास देतात, आणि आम्ही बाबांची एफडी मोडून, बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून त्याला वेळेवर पैसे देत राहिलो. बँकेचा माणूस सांगून राहिला होता की पैसा कामाच्या पुढे पळतोय. आम्ही ऐकलं नाही.

फुटिंगचं सांगतो. आमच्याकडची काळी माती माहीतच आहे, उन्हाळ्यात मे महिन्यात ४५ च्या वर पारा गेला की अशा भेगा पडतात की हात जाईल, आणि पाऊस पडला की तीच माती पाणी पिऊन फुगते. तिच्यावर फुटिंग ठेवलं तर घर दरवर्षी वर-खाली होत राहतं. म्हणून खड्डा काळी माती संपवून पक्क्या मुरमापर्यंत न्यावा लागतो, किंवा मग खाली बल्बवाले पाईल (जमिनीत खोल जाणारे, तळाशी फुगीर काँक्रीटचे खांब) करावे लागतात. आमच्या ड्रॉइंगमध्ये ७ फूट होते. मे च्या पहिल्या आठवड्यात खड्डे झाले, त्याच आठवड्यात बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, माझी बुटीबोरीला फर्स्ट शिफ्ट. दोन दिवसांत खड्डे खोदून, जाळी टाकून, काँक्रीट भरून, वरून माती ओढून ठेकेदार मोकळा. फोटो पाठवले होते त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर, वरून काढलेले, त्यात खड्डा किती खोल आहे हे कोणाच्या बापालाही कळणार नाही.

आणि आईची गोष्ट. पहिला स्लॅब ऑगस्ट २०२३ च्या शेवटी टाकला. ९०० फुटांचा, पाच इंची, सोबत बीम. आई दिवसभर साईटवर मजुरांना चहा देत होती आणि संध्याकाळी तिने सिमेंटच्या रिकाम्या बॅगा झटकून दहा-दहाचे गठ्ठे बांधले, भंगारवाल्याला द्यायला. आठ गठ्ठे आणि वर एक बॅग. रात्री जेवताना सहज म्हणाली, "एवढा मोठा स्लॅब न् एक्याऐंशीच बॅगा लागल्या, शेजारच्यांचा तर लहान होता तरी नव्वदच्या वर गेल्या होत्या." मी म्हटलं आई, त्याचं काम त्याला करू दे. एक वर्षाने इंजिनियरने हिशोब करून दाखवला. असा स्लॅब आणि बीम मिळून साधारण १४ घनमीटर काँक्रीट, एम-२० ग्रेडसाठी म्हणजे सिमेंट, वाळू, गिट्टी एकास दीड तीन या मापाने एका घनमीटरला जवळपास ८ बॅगा, झाल्या ११२. आमच्यात ८१. एकतीस बॅगा कमी, तेही आमच्या डोक्यावरच्या स्लॅबमध्ये. आईने चष्मा न लावता जे पकडलं ते मी शिकलेला असून हसण्यावारी नेलं.

लोखंडाचंही तसंच. १२ एमएमची पूर्ण १२ मीटरची सळाख साडेदहा किलोच्या वर भरली पाहिजे (सूत्र सोपं आहे, जाडीचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला ८८८ ग्रॅम). आमच्याकडे उरलेली एक वजन केली, ९ किलो ६०० ग्रॅम. काट्यावर एक सळाख टाकायला पाच मिनिटं लागतात, आधीच टाकली असती तर.

मग २३ सप्टेंबर २०२३. त्या रात्री नागपुरात काय झालं सगळ्यांना आठवत असेल, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नाग नदीचं पाणी घराघरात. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा फोन, "दादा, पुरात सगळा माल वाहून गेला, दोन लाख ॲडव्हान्स पाहिजे." अहो आमची साईट बेसाला, नाग नदी कुठे! पण त्या दिवसांत सगळं शहरच हादरलेलं होतं, लोकांचं खरोखर वाहून गेलं होतं, बाबा म्हणाले गरीब माणूस आहे, देऊ. दिले. दसरा आला, गेला. दुसरा स्लॅब जानेवारीत टाकला, त्याचे १५ टक्के घेतले आणि मार्चपासून फोन बंद, चालू, बंद.

साईटवरच्या झोपडीत बालाघाटकडचे एक मिस्त्री नवरा-बायको राहायचे. एक दिवस ती बाई गेटवर येऊन म्हणाली, "साब, तीन हफ्ते का पैसा नही मिला, बच्चे को बुखार है." तिला तेव्हाचे पैसे आम्ही दिले, त्याचं वाईट वाटत नाही. पण पुढच्या आठवड्यात हार्डवेअरवाला आला एक लाख चाळीस हजाराचं बिल घेऊन, म्हणे माल तुमच्या साईटच्या नावावर उधार उचलला आहे. म्हणजे मालाचे पैसे आमच्याकडून घेतले आणि दुकानदाराला दिलेच नाही. तेव्हा खऱ्या अर्थाने पायाखालची जमीन सरकली.

जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि समोरच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग पडली. इंजिनियरने भेगेवर काचेच्या छोट्या पट्ट्या प्लास्टरने चिकटवल्या, शेजारी पेन्सिलने तारीख लिहिली, म्हणाले काच फुटली तर घर हलतंय. पाच आठवड्यांत तीनपैकी दोन फुटल्या. मग त्या कॉलमच्या बाजूने खड्डा खणला. मी वरून टॉर्च धरला होता, मजुराने खालून टेप लावला आणि आवाज दिला, "साडेचार." आणि फुटिंगच्या खाली त्याने हाताने माती काढून दाखवली, काळी, चिकट, ओली. मुरूम अजून दीड फूट खाली होता. बाबा खड्ड्याच्या काठावर खुर्ची टाकून बसले होते, काही बोलले नाही, उठून घरी गेले. नंतर आठ दिवस म्हणत राहिले की माझं ऑपरेशन त्याच आठवड्यात नको होतं. ते ऐकवत नव्हतं.

पोलिसात गेलो तर सांगितलं हा दिवाणी मामला आहे, वकील करा. काही लोकांनी महारेरा सांगितलं, पण ते बिल्डर जे फ्लॅट-प्लॉट विकतो त्याच्यासाठी, स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून बांधून घेतलेलं घर त्यात बसत नाही, आमचे त्यात दीड महिने गेले. शेवटी ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही सेवा म्हणून धरली आहे, ५० लाखांपर्यंत पैसे दिले असतील तर जिल्हा आयोगात केस होते, आणि दोन वर्षांच्या आत करावी लागते, हे लक्षात ठेवा, कारण असे लोक "करून देतो, करून देतो" म्हणून तीच मुदत घालवतात. आमच्या बाजूने काय कामी आलं, तर बँक ट्रान्सफर आणि व्हॉट्सअ‍ॅप. जे सहा लाख कॅश दिले त्याला आज काहीच पुरावा नाही. वकिलांनी पहिला प्रश्न तोच विचारला होता. केस सुरू आहे, तारखा पडतात. फुटिंगखालून काँक्रीट भरून आधार द्यायचं काम दुसऱ्याकडून करून घेतोय, त्याला आठवड्याला झालेल्या कामाचे पैसे देतो, रविवारी मोजमाप, सोमवारी ट्रान्सफर, आणि १० टक्के राखून ठेवलेत ते एक पावसाळा गेल्यावर. तो लगेच कबूल झाला. चांगला माणूस कबूल होतोच, हे मला आता कळलं.

तर मागच्या महिन्यात हुडकेश्वरकडे गेलो होतो, एका प्लॉटवर आमचा तोच पहिला ठेकेदार उभा दिसला. नारळ, हार, बाजूला घरमालक म्हातारे. तो गेल्यावर मी परत फिरून त्यांच्याशी बोललो. काका नाराज झाले, म्हणाले ते आमच्या जावयाच्या ओळखीचे आहेत, उगाच कोणाबद्दल बोलू नका. मी निघालो. गाडी चालू करत होतो तर मागून काकू आल्या, पदर सावरत, हळूच म्हणाल्या, "दादा, खड्डे उद्या भरणार आहेत म्हणे. आम्ही काय पाहायचं ते सांगा." मी डिक्कीतून टेप काढून त्यांना दिला. म्हटलं काकू, प्रत्येक खड्ड्यात हा तळापर्यंत सोडा, टेपसकट फोटो काढा, आणि तळाला काळी माती दिसली तर कोणी कितीही घाई केली तरी काँक्रीट टाकू देऊ नका.