भाड्याचा फ्लॅट, 16 महिने, 2 भाडेकरू: साहित्याचा हिशेब

फ्लॅट भाड्याने द्यायचा म्हणून आतून पूर्ण नवा करून घेतला, त्याला आता 16 महिने झाले. पहिलं कुटुंब 9 महिने राहिलं, दुसरं 6 महिने राहून गेल्या आठवड्यात गेलं. घर रिकामं होतं म्हणून हातात टॉर्च घेऊन कोपरान्‌कोपरा पाहिला. साहित्य घेताना मी ज्याला त्याला एकच विचारत होते, "टिकेल ना?" खरं विचारायला हवं होतं ते असं, की बिघडलंच तर तेवढाच तुकडा काढून बदलता येईल का, आणि किती वेळात? दोन भाडेकरूंच्या मधे जेमतेम आठवडा हातात असतो, आणि त्यातच रंगारी, सुतार, प्लंबर तिघांनाही आपापला दिवस हवा असतो.

हॉल आणि बेडरूममध्ये जुन्या लाद्या न फोडता वरून एसपीसी फ्लोअरिंग टाकलं. चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसी यांच्या या पट्ट्या एकमेकींत खटकन अडकतात, गोंद लागत नाही. वरचा झिजेचा थर 0.3 मिमीचाही मिळतो आणि 0.5 मिमीचाही. "घरगुती वापराला 0.3 पुष्कळ झाला," असं सांगणारे बरेच भेटले. मी 0.5 वर अडून बसले, ते बरंच झालं. दोन संसारांचे पलंग, खुर्च्या ओढून झाल्या, तरी बारीक चरे दिसतात ते फक्त तिरपा उजेड पडल्यावर.

चुका झाल्या त्या बसवण्यात. बाल्कनीच्या दारापाशी दुपारचं ऊन थेट येतं. तिथे मिस्त्रींनी पट्ट्या चौकटीला टेकवून बसवल्या, 8-10 मिमीची फट सोडलीच नाही. उन्हाळ्यात पट्ट्या फुगल्या, जायला जागा नाही, म्हणून सांधा उंटाच्या पाठीसारखा वर आला. कडेची पट्टी कापून फट केली, तसा दोन दिवसांत खाली बसला. दुसरी चूक माझीच. पाकिटावर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं वाचून मी निर्धास्त होते. वॉशिंग मशीनचा पाइप निसटला आणि पाणी बेडरूमपर्यंत गेलं. पट्टीला खरंच काही झालं नाही, पण पाणी सांध्यातून पट्ट्यांखाली अंथरलेल्या फोममध्ये शिरलं. चौथ्या दिवशी भाडेकरू ताईंचा फोन, "खोलीत कुबट वास येतोय हो." भिंतीपासून सात ओळी उकलल्या, पंखा लावून लाद्या सुकवल्या, फोम बदलला आणि त्याच पट्ट्या परत अडकवल्या. एकही वाया गेली नाही. त्या दिवसापासून माझं या फ्लोअरिंगबद्दलचं मत चांगलं झालं, पण एका अटीवर: त्यावर भिंतीला पक्कं बसवलेलं कपाट उभं करू नका. आधी कपाट लावा, मग त्याच्या पायाशी फ्लोअरिंग थांबवा. नाहीतर उकलायची वेळ आली की कपाटच आडवं येतं.

रंगाने मला सगळ्यात जास्त फसवलं. हॉलला धुता येणारा, किंचित चमकणारा सॅटिन दिला. डाग पुसले जातात हे खरंच आहे. पण भाडेकरूंनी तसबिरींसाठी मारलेली सहा भोकं बुजवून, त्याच डब्यातला, त्याच कोडचा रंग लावला, तरी संध्याकाळी दिवा लागला की सहाच्या सहा ठिपके भिंतीवर उठून दिसायचे. शेवटी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत रंगवावी लागली. बेडरूमला साधा मॅट होता, तिथे बुजवलेलं भोक मला स्वतःलाही सापडलं नाही. मॅटचं दुखणं वेगळं, स्विचबोर्डभोवतीचे हाताचे डाग निघत नाहीत, घासलं तर चकाकी येते. यापुढे सगळीकडे मॅट, आणि स्वयंपाकघर व पॅसेजलाच तेवढा सॅटिन. उरलेला रंग हवाबंद डब्यात, झाकणावर कोड आणि खोलीचं नाव.

स्वयंपाकघरात सिंकखालचं कपाट एमडीएफचं, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळीचं केलं, ही शुद्ध कंजुषी. पहिल्या भाडेकरूंच्याच काळात तळ पावासारखा फुगला आणि बिजागरीचे स्क्रू हाताने निघायला लागले. आता तेवढा भाग उकळत्या पाण्याला टिकणाऱ्या प्लायचा केलाय, कापलेल्या कडा सगळ्या बंद, आणि खाली पीव्हीसीचे 100 मिमीचे पाय, म्हणजे फरशी धुतली तरी लाकडाला पाणी लागत नाही. बाकीच्या कपाटांत एमडीएफची दारं आहेत, ती ठणठणीत आहेत. ओट्याला ग्रॅनाइट. क्वार्ट्झचा मोह झाला होता, पण त्यात रेझिन असतं, ते तापाने डागाळतं, आणि परक्याच्या घरात गरम कढई थेट ओट्यावर ठेवू नका हे कोण कोणाला सांगत बसणार?

बाथरूमच्या जमिनीला 300 बाय 300 मिमीची मॅट व्हिट्रिफाइड टाइल. पाणी 0.5 टक्क्यांपेक्षा कमी शोषते, आणि आकार लहान असल्यामुळे जाळीकडे उतार नीट काढता आला. सांध्यांत एपॉक्सी ग्राउट भरलं. ते महाग पडतं, शिवाय कामगारांना आवडत नाही, कारण लगेच पुसावं लागतं. आमच्याकडे दरवाज्यामागे पुसायचं राहिलं, ती दुधी साय अजून तशीच आहे. पण सांधे पहिल्या दिवसासारखे आहेत. ओट्यामागच्या भिंतीत साधं सिमेंटचं ग्राउट आहे, ते तेलाने तपकिरी झालंय.

नळ पितळेचे, आत पाणी चालू-बंद करणारं सिरॅमिक डिस्कचं कार्ट्रिज. बेसिनचा नळ ठिबकायला लागला, तेव्हा प्लंबरने जुनं 35 मिमीचं कार्ट्रिज काढून नवं बसवलं, दहा मिनिटांचं काम. शॉवरचा डायव्हर्टर, म्हणजे गरम-गार पाणी मिसळून शॉवरकडे वळवणारा मिक्सर, मात्र मी भिंतीच्या आत घेतला होता, बाहेर फक्त गुळगुळीत चकती दिसावी म्हणून. दिसायला सुरेखच आहे. आता तो गरम-गार मिसळत नाही, आणि ते मॉडेल बंद झालंय. दुसरं कोणतंही आतलं तोंड त्यात बसत नाही.

"ताई, टाइल फोडावी लागेल. जादाच्या ठेवल्यात का?" प्लंबर विचारत होता. माळ्यावरचं खोकं खाली काढलं. त्याच शेडचा नंबर, पण आत चारच. "निघताना शेजारची एखादी तडकतेच," तो म्हणाला आणि भिंतीवर बोटाने ठोकत आवाज ऐकू लागला. दोन ठिकाणी पोकळ वाजलं. नवा मिक्सर भिंतीच्या बाहेरचा घ्यायचा, एवढं ठरलंय. चार टाइल पुरतात का, ते सोमवारी कळेल.