मॉन्टेसरी की ताराबाईंची बालवाडी?

लेकीसाठी दादरला दोन वर्ग पाहिले. पहिला मॉन्टेसरीचा, ही पद्धत १९०७ साली रोममध्ये सुरू झाली. लाकडी दट्टे ठरलेल्या खाचेतच बसतात, चुकलं तर मुलालाच कळतं. बाई मध्ये पडत नाहीत, बघत राहतात. ती शांतता मला फार आवडली.

दुसऱ्या वर्गातल्या ताई बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांना मानणाऱ्या. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डी गावी गेल्या, आदिवासी पाड्यांच्या अंगणातच शाळा भरवली. महागडी साधनं नाहीत. शंख, खडे, पानं, बिया. इथेही ताई मुलांत फतकल मारून चिंचोके मोजत होत्या, बडबडगीतं मराठीतून. आमच्या एका खोलीत लेक दिवसभर एकटीच खेळते. तिला सोबत हवी, म्हणून आम्ही ताईंकडे नाव घातलं.