नकली जुमार आणि पाण्यावर तरंगलेला दोर

गेल्या ऑगस्टमध्ये मी १४० डॉलरला फसलो. पैसे गेले त्याचं एवढं काही नाही. त्या पैशांत मी दोर आणि जुमार (दोर घट्ट पकडून ठेवणारं यांत्रिक साधन) असे दोन संच घेतले, त्यांपैकी एक शेजाऱ्याच्या सोळा वर्षांच्या मुलासाठी होता आणि त्याच्या भरवशावर तो मुलगा ऑक्टोबरमध्ये झाडावर वीस फुटांवर लटकणार होता. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मी मूळचा पुण्याचा. कॉलेजात असताना तैलबैला, ड्युक्स नोज, लिंगाणा असं बरंच चढलो. सध्या नोकरीनिमित्त मिशिगनमध्ये आहे. इथे परवाना काढून धनुष्यबाणाने हरणाची शिकार करता येते, १ ऑक्टोबर ते १४ नोव्हेंबर आणि पुन्हा १ डिसेंबर ते १ जानेवारी. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे काहींना हा विषय रुचणार नाही, हे मला कळतं. पण यातला दोर, गाठ आणि जुमार हे सगळं सह्याद्रीत चढणाऱ्यांच्या, झाडं छाटणाऱ्यांच्या आणि उंच इमारतींच्या काचा पुसणाऱ्यांच्या रोजच्या कामाचं आहे. फसवणूकही त्यांच्याच वाट्याला येणारी आहे.

इथले बरेच शिकारी हल्ली मचाण न बांधता 'सॅडल' वापरतात. कमरेखाली झोळीसारखा रुंद पट्टा, त्याच्या पुढच्या बाजूला दोराचा एक छोटा पूल आणि झाडाला डोक्याच्या उंचीवर फास टाकून बांधलेला दोर, ज्याला टेदर म्हणतात. पाय खोडाला टेकवायचे आणि टेदरवर रेलून तासन् तास बसायचं. सॅडलचा कॅराबिनर, म्हणजे खटक्याची कडी, त्या टेदरवर कशाने धरायचा, यावर सगळा खेळ आहे. पर्याय दोन. एक प्रुसिकसारखी घर्षणाची गाठ, म्हणजे दोराभोवती वेढे घेतलेली आणि वजन पडलं की आवळणारी. ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक यांनी ती १९३१ मध्ये लोकांसमोर आणली. दुसरा पर्याय यांत्रिक असेंडर, म्हणजे आपण सरसकट जुमार म्हणतो ते. (हे नाव जुसी आणि मार्टी या दोन स्विस माणसांच्या आडनावांवरून पडलं, १९५८ साली.)

तीन हंगाम मी प्रुसिकच वापरला. पण नोव्हेंबरातल्या पहाटे पारा शून्याखाली जातो, दव दोरावर गोठतं, गाठ आवळून बसते आणि ती मोकळी करायला हातमोजे काढावे लागतात. बोटं बधिर होतात. जुमार मात्र मोजे घालून, एका हाताने, आवाज न करता वरखाली सरकतो. अंधारात वीस फुटांवर एक हात खोडाला धरून ठेवता येणं ही साधी गोष्ट नाही. म्हणून जुमार घ्यायचं ठरवलं.

एका खरेदीविक्रीच्या ग्रुपवर जाहिरात दिसली. नावाजलेल्या बनावटीचा असेंडर, ११ मिलिमीटरचा पॉलिएस्टर टेदर आणि सोबत 'संपूर्ण अरामिड'चा (उष्णतेने न वितळणाऱ्या कृत्रिम धाग्याचा) ८ मिलिमीटरचा प्रुसिक लूप. फोटोत निळ्या ट्रकच्या मागच्या फळीवर सगळा माल मांडलेला, बाजूला अंगठ्याला पांढरी पट्टी बांधलेला हात. मी विचारलं, इतकं स्वस्त कसं? खरा माल घ्यायला गेलं तर एका संचालाच एवढे पैसे पडतात. उत्तर आलं, "मी झाडं छाटण्याचा धंदा करायचो, आता बंद केला. उरलेला कोरा माल आहे. गाठींवर कसले विसंबता? गाठी घसरतात. हे लोखंड आहे." त्याने एक व्हिडिओही पाठवला, त्यात तो स्वतः लटकलेला दिसत होता. दोन संच घेतले तर १४०, पण पैसे ॲपवर 'मित्र-नातेवाईक' या प्रकाराने पाठवा, म्हणजे माझं कमिशन वाचेल, असंही तो म्हणाला. मी पाठवले.

इथेच मी फसलो होतो. त्या प्रकाराने पाठवलेल्या पैशांना ग्राहक म्हणून काहीही संरक्षण मिळत नाही. क्रेडिट कार्डाने दिले असते, तर बिल आल्यापासून ६० दिवसांत लेखी हरकत घेऊन भांडता आलं असतं.

पार्सल आलं ते उत्तम खोक्यात. माहितीपत्रक, प्लॅस्टिकची पिशवी, सगळं जिथल्या तिथे. मी खूश होऊन जेवणाच्या टेबलावर मांडून ठेवलं. बायकोने जुमार हातात घेतला, दिव्याखाली धरला आणि म्हणाली, "अरे, ही अक्षरं बघ. 'ई' चा खालचा दांडा बुजलाय." मी म्हटलं, रंग साचला असेल. तिने नखाने खरवडलं. रंग नव्हता, कोरीव कामच उथळ होतं. मग मी भिंग घेऊन बसलो. सीई हे युरोपातल्या सुरक्षा नियमांचं चिन्ह होतं, पण त्यापुढे चार आकडे नव्हते. जिवाच्या जोखमीच्या साधनांवर सीईपुढे तपासणी करणाऱ्या संस्थेचा चार आकडी क्रमांक असतो. ईएन ५६७ हे जुमारसाठीचं युरोपीय मानक कोरलेलं होतं, पण अनुक्रमांक कुठेच नव्हता. दुसऱ्या जुमारवर तोच बुजलेला 'ई', त्याच जागी. साचाच तसा असणार.

तरीही मन मानेना. मी परसातल्या मेपलला टेदर बांधला, जमिनीपासून दोन फुटांवर, खाली जुनी गादी. अर्धा तास बसलो, काही झालं नाही. मग झाडावर पाय सरकल्यावर बसतो तसा हलका हिसका दिला. पहिल्यांदा धरलं, दुसऱ्यांदा धरलं. तिसऱ्या हिसक्याला 'चर्र' आवाज झाला आणि मी वीतभर खाली आलो. उतरून पाहिलं, तर दोर दाबून धरणारा आतला तुकडा (कॅम) रिव्हेटवर तिरका झाला होता आणि दोराचं आवरण सोलून आतला पांढरा गाभा बाहेर आला होता. जुमार दोरावरून निसटू नये म्हणून खालच्या टोकाला गाठ मारलेली होती, पण दोन फुटांत तिचा उपयोग होण्याआधीच मी गादीवर असतो.

व्हर्नियरने दोर मोजला. ११ सांगितलेला दोर ९.६ मिलिमीटर भरला. जुमारवर कोरलं होतं १० ते १३. म्हणजे जुमार खरा असता तरी हा दोर त्याच्या पकडीबाहेरचाच होता.

मग दोराचा एक तुकडा कापून गाभ्याचे धागे बादलीत टाकले. तरंगले. पॉलिएस्टर आणि नायलॉन दोन्ही पाण्यापेक्षा जड असतात, त्यांचे धागे भिजवून दाबले की बुडतात. पॉलिप्रोपिलीन तरंगतं. (डायनिमा हा मजबूत कृत्रिम धागाही तरंगतो, त्यामुळे दोर डायनिमाचा असल्यास ही परीक्षा लागू नाही. पण ते धागे मऊ आणि निसरडे असतात, हे खरखरीत होते.) पॉलिप्रोपिलीन साधारण १६० अंशांना वितळतं, पॉलिएस्टर अडीचशेच्या आसपास. गाठ किंवा जुमार घसरला की घर्षणाने दोर तापतो, म्हणून हा फरक जीवनमरणाचा आहे. शेवटी तो 'अरामिड' लूप. त्याच्या टोकाला काडी लावली. अरामिड वितळत नाही, काळं पडून विझतं. हा मेणबत्तीसारखा ठिबकला.

म्हणजे त्या संचात गाठीसाठी दिलेला दोरही खोटा होता. माझ्या मनात गाठ विरुद्ध जुमार असा जो वाद चालला होता, तो त्या विक्रेत्याने मुद्दाम वाढवला होता, माल कसा आहे याकडे माझं लक्ष जाऊ नये म्हणून.

मी त्याला फोटो पाठवले. "तुम्ही जास्त वजन टाकलं." माझं वजन ७८ किलो. ईएन ५६७ नुसार जुमारने ४ किलोन्यूटन, म्हणजे ४०० किलोच्या जवळपासचा ओढा सोसायला हवा. हे लिहिल्यावर उत्तर आलं, "१५ डॉलर परत देतो, ग्रुपवर काही लिहू नका." मी नकार दिला. दुसऱ्या दिवशी त्याचं खातं नाहीसं झालं. फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेकडे ऑनलाइन तक्रार केली, ग्रुपच्या चालकांना सगळे फोटो दिले, मूळ बनावटीच्या कंपनीलाही पाठवले. पैसे परत आले नाहीत.

हे नवीन नाही. २०११ मध्ये पेट्झल या फ्रेंच कंपनीने आपल्या कॅराबिनरच्या, पुलीच्या आणि असेंडरच्या हुबेहूब नकला बाजारात आल्याचा जाहीर इशारा दिला होता. पुण्यामुंबईत ओळखीतून, 'परदेशातून आणलेला कोरा माल' म्हणून जुमार घेणारे माझे कितीतरी मित्र आहेत. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की अनुक्रमांक नसलेल्या कोणत्याही जुमारवर जीव टांगू नका. कुणी दिला, कितीला दिला, याने काही फरक पडत नाही.

मी आता काय वापरतो, असं बरेच जण विचारतात. टेदरवर पुन्हा प्रुसिक, तीन वेढ्यांचा, अधिकृत दुकानातल्या रिळावरून डोळ्यांसमोर कापून घेतलेल्या ८ मिलिमीटर कॉर्डचा. त्या रिळावर ईएन ५६४ हे मानक असतं आणि त्यानुसार ८ मिलिमीटरला किमान १२.८ किलोन्यूटन ताकद लागते. गाठीचा मला सगळ्यात मोठा आधार असा की तिच्यात लपलेलं काही नाही. वेढे मोजता येतात, एकावर एक चढलेत का ते टॉर्चच्या उजेडात दिसतं, कॉर्ड झिजली की बोटांना कळतं. जुमारच्या पोटातला रिव्हेट मला दिसत नाही, तिथे बनवणाऱ्याच्या शब्दावर विसंबावं लागतं. म्हणून तो शब्द खरा हवा. चढताना खोडाभोवती घ्यायच्या लाइनमन दोरावर मात्र मी खरा जुमार लावला आहे, झाडकामाचं सामान विकणाऱ्या दुकानातून, पावती घेऊन. तिथे दर पावलाला दोर कमीजास्त करावा लागतो, गाठीने हात भरून येतात. दोन्हींखाली टोकाची गाठ कायम.

शेजाऱ्याच्या मुलाला मी त्या मेपलखाली उभं करून सोललेला दोर दाखवला. त्याने तो हातात घेतला आणि आवरण मागेपुढे सरकवून बघत बराच वेळ काही बोलला नाही. त्या हंगामात तो माझ्याकडून प्रुसिक शिकला, आधी जमिनीवर, मग चार फुटांवर.

दोन्ही दोरांचे मी हातभर तुकडे केले आणि जुमार व्हाइसमध्ये धरून कापले, कुणी कचऱ्यातून उचलून वापरू नयेत म्हणून. गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका ग्रुपवर एक जाहिरात पाहिली. वेगळं नाव, वेगळं गाव. निळ्या ट्रकची तीच फळी, अंगठ्यावर तीच पांढरी पट्टी. किंमत आता संचाला ६५ डॉलर.