जिनिंगचे गिअरबॉक्स ट्रान्सपोर्टने पाठवताना: पेट पट्टी आणि व्हीसीआय पिशव्यांचा नऊ महिन्यांचा अनुभव

आमचं वर्कशॉप हिंगणघाटपासून 14 किलोमीटरवर, गावाच्या वेशीपाशी. दोन लेथ, एक ड्रिल, एक प्रेस. मी, धाकटा भाऊ आणि एक कारागीर. डबल रोलर जिनचे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या मशीनचे, गिअरबॉक्स उघडून बेअरिंग-बुश बदलायचे, शाफ्ट दुरुस्त करायचे, आणि कापसाचा सीझन संपला की रोटाव्हेटर. पूर्वी गिऱ्हाईक स्वतःच पिकअप घेऊन यायचं. आता सगळं फोनवर ठरतं. माल ट्रान्सपोर्टने येतो अन् ट्रान्सपोर्टनेच जातो, जळगावकडे, परभणीकडे, खाली आदिलाबादपर्यंत.

मागच्या दसऱ्याला तीन गोष्टी विकत आणल्या. पट्टी ताणायचं हातमशीन आणि त्यासोबतचा क्लिप दाबायचा सीलर, 16 मिमी हिरव्या पेट पट्टीचा (पेट म्हणजे पॉलिस्टर प्लॅस्टिक) रोल, आणि व्हीसीआयच्या, म्हणजे गंज रोखणाऱ्या, प्लॅस्टिक पिशव्या. सगळे मिळून साडेनऊ हजार गेले. बाबा म्हणाले, "बांधाले साडेनऊ हजार? गावातली सुतळी सरली का?" तेव्हापासून 63 नग पाठवले, म्हणून आता लिहायला बसलो.

घ्यायची वेळ का आली ते आधी सांगतो. त्याच्या आदल्या सीझनला ऐन डिसेंबरात एक गिअरबॉक्स खानदेशात पाठवला होता. भोवती थर्माकोल, वरून सात प्लायचं खोकं, त्यावर बारदाना शिवलेला. आम्हाला वाटलं, बांधणी एकदम झकास. तिकडे पोचला तेव्हा खोकं जवळजवळ जसंच्या तसं, आणि आत बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) बॉडीचा बोल्टचा कान तुटून पडलेला. पन्नास-साठ किलोच्या लोखंडाखाली थर्माकोल दोन तासांत भुगा होतो, हे तेव्हा कळलं. भुगा झाला की आत जागा मोकळी होते, आणि मोकळ्या जागेत गिअरबॉक्स घणासारखा आपटत राहतो. बीड वाकत नाही, सरळ तुटतं. निकेल रॉडने वेल्डिंग करून भरून दिलं, पण चार दिवस त्या माणसाची मशीन बंद होती, आणि सीझनातले चार दिवस म्हणजे काय ते जिनिंगवाल्यालाच विचारा.

तेव्हा मी रस्त्याला शिव्या दिल्या. पण आता समृद्धी महामार्ग झालाय, आमचा बराच माल त्यावरूनच जातो, तरी सुरुवातीला तुटायचं ते तुटतच होतं. मग एक दिवस ट्रान्सपोर्टच्या गोदामात सकाळपासून दुपारपर्यंत नुसता बसून राहिलो. माझाच नग समोर उतरला. हमालाने तो ट्रकच्या फाळक्यावरून छातीवर घेतला आणि गुडघ्याच्या उंचीवर आल्यावर सोडून दिला. मी ओरडलो तर म्हणतो, "आपटला नाई भाऊ, ठेवला. जरासा जोरात ठेवला." त्याची चूक नव्हतीच. दिवसाला शे-दोनशे नग उचलणाऱ्या माणसाने पन्नास किलोचं धूड अलगद कसं टेकवायचं?

त्या दिवसापासून आमचा हिशेब बदलला. सगळ्यात वाईट वजन म्हणजे 35 ते 60 किलो. एकट्याला उचलता येतं, पण नीट ठेवता येत नाही. म्हणून आता एक तर नग 20 किलोच्या आत, नाही तर इतका जड की त्याला कोणी हातच घालू नये, खाली ट्रॉलीच घालावी. गिअरबॉक्स 58 किलोचा असेल तर त्याच्यासोबत जायचे शाफ्ट, पुली सगळं एकाच पॅलेटवर बसवतो आणि नग शंभराच्या पुढे नेतो. पॅलेटला आम्ही पाटच म्हणतो. पाटाला खाली चार इंचाचे पाय. हँड पॅलेट ट्रकचे (हाताने ओढायच्या त्या ट्रॉलीचे) काटे पूर्ण खाली असतानाही साधारण 85 मिमी उंच असतात, त्यामुळे तीन इंची पाय ठेवले तर काटे आत जात नाहीत, मग चार जण मिळून पाट कलंडवतात आणि सगळी मेहनत पाण्यात. हे मी एकदा करून बसलोय.

गिअरबॉक्स पाटावर नुसता ठेवायचा नाही, त्याच्याच पायाच्या भोकांतून खालून बोल्ट घालून, मोठे वॉशर टाकून आवळायचा. पट्टी ही नंतरची गोष्ट. लोक उलटं करतात, पट्ट्याच पट्ट्या मारतात आणि खाली बोल्ट एकही नाही. बॉडीला पायच नसतील तर चारही बाजूंनी लाकडी गुटके पाटाला स्क्रूने बसवतो, खिळ्याने नाही. टालावरचं ओलं आंब्याचं लाकूड सुकलं की आकसतं आणि खिळे ढिले पडून वर येतात. शिवाय ओल्या लाकडाची ओल मशीन केलेल्या फेसवर गंज आणते. बाभूळ मजबूत, पण आधी ड्रिल मारल्याशिवाय फाटते. सध्या 18 मिमी प्लाय आणि खाली निंबाचे पाय, एवढ्यावर आम्ही स्थिरावलोय.

आता पट्टीबद्दल. पेट पट्टीत खरंच दम आहे. लोखंडी पट्टी आवळताना भारी वाटते, पण माल किंवा लाकूड जरा बसलं की ढिली पडते. पेट थोडी ताणलेलीच राहते, लाकूड आकसलं तर तीही मागे येते. आमच्याकडे मे महिन्यात 45 अंशांच्या वर ऊन गेलं तेव्हा खोक्यांवरची चिकटपट्टी सुटून लोंबत होती, पेट पट्टी जागची हलली नाही. दुकानदार स्वस्त म्हणून पीपी (पॉलिप्रोपिलीन) पट्टी पुढे करेल. ती कपड्याच्या गाठोड्याला चालेल, गिअरबॉक्सला नाही, दोन दिवसांत सैल होते.

एक चूक माझी. पहिल्या वेळी क्लिपा गुळगुळीत घेतल्या, त्या पीपीच्या निघाल्या. पेट पट्टी निसरडी असते, तिला आतून दातेरी किंवा खरखरीत क्लिप लागते. रात्री बांधलेला नग सकाळी पाहतो तर पट्टी मोकळी, क्लिप बाजूला. आणि पट्टी बिडाच्या धारेवरून सरळ न्यायची नाही, कापली जाते. कोपऱ्यावर प्लॅस्टिकची एल-पट्टी, नाही तर जुन्या टायरचा तुकडा.

हातमशीनबद्दल तक्रार आहे. पाचव्या महिन्यात ताणणारं चाक घसरायला लागलं. मला वाटलं दाते झिजले, नवीन मागवणार होतो. भावाने तारेच्या ब्रशने घासलं तर दात्यांत हिरवी प्लॅस्टिकची भुकटी गच्च बसलेली. आता दर दहा नगांनंतर ब्रश. कापायचं पातं मात्र खरंच बोथट झालं, आणि ते सुटं मिळत नाही म्हणे. शेवटी आपल्याच ग्राइंडरवर धार लावली.

व्हीसीआय पिशवीबद्दल माझं मत दोनदा बदललं. त्यातून निघणारी वाफ लोखंडाच्या पृष्ठभागावर बसते आणि गंज रोखते, एवढं मला कळलेलं तत्त्व. थंडीत पाठवलेले शाफ्ट गिऱ्हाइकाने महिनाभर गोदामात ठेवले तरी आरशासारखे निघाले. मग जूनमध्ये एकदम दोन नगांना तांबूस ठिपके. दुकानदारावर भडकलो होतो, पण दोष घरचाच. उरलेल्या पिशव्या दोन महिने उघड्या पडल्या होत्या, त्यातली वाफ केव्हाच उडून गेलेली. शिवाय कारागिराने घामेजल्या हाताने शाफ्ट धरला होता. ठिपके बघितले तर चक्क बोटांचे ठसे! आता केरोसीनने पुसणं, हातमोजे, आणि पिशवीचं तोंड दुमडून टेप. लोखंडासोबत गन मेटलचा (तांब्याच्या मिश्रधातूचा) बुश असेल तर मल्टीमेटल व्हीसीआयच मागा, फक्त लोखंडासाठीच्या पिशवीत पितळ-तांबं काळवंडू शकतं.

फुकटातली एक युक्ती ठिबकची आहे. जुन्या 16 मिमी नळ्या प्रत्येक शेताच्या बांधावर पडलेल्या असतात. उभी चिरली की जिनच्या नाइफच्या (पात्याच्या) धारेवर बरोबर बसते, शाफ्टच्या आट्यांवर जाड पाइपचा तुकडा. शाफ्ट फिरू नये म्हणून पाचर मारायला विसरू नका. बेअरिंग न फिरता तासन् तास हादरे खात बसलं की रोलर एकाच जागी घासून रेसला (बेअरिंगच्या कड्याला) बारीक खाचा पाडतात, आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी आवाज करतं. गिऱ्हाईक म्हणणार, जुनंच टाकलं. गिअरबॉक्समधलं तेलही काढून घ्या आणि ब्रीदरच्या (हवा जायच्या) भोकात बोल्ट मारा. तेल गळालं की ट्रान्सपोर्टवाला नग बाजूला काढून ठेवतो, आणि त्याचं बरोबरच आहे.

खुणांबद्दल थोडंच सांगतो. नाजूक मालाचं म्हणून काचेच्या पेल्याचं छापील चित्र चिकटवलं होतं. हमाल म्हणाला, "इतकी दारू कोणाले चालली भाऊ?" आता लाल रंगाचा वीतभर बाण, दोन बाजूंना, बस. पत्ता मात्र बाहेर दोन ठिकाणी आणि एक चिठ्ठी आत.

कागदाचंही सांगतो, कारण खानदेशच्या त्या नगाचे पैसे मला मिळाले नाहीत. बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या पावतीवर) "मालकाच्या जोखमीवर" असा शिक्का होता आणि मी तो वाचलाच नव्हता. गिऱ्हाइकाने खोकं धड दिसतंय म्हणून काही न लिहिता सही करून माल घेतला. आता गिऱ्हाइकाला आधीच फोन करून सांगतो: उघडून बघा, तुटलेलं दिसलं तर बिल्टीच्या प्रतीवर तिथल्या तिथे शेरा मारा, फोटो काढा. आणि ट्रान्सपोर्टवाल्याकडे भरपाई मागायची तर बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते, 2007 च्या कायद्यात तसं आहे. मी सात महिन्यांनी जागा झालो होतो.

63 पैकी तुटलेला एकच, तो तीन इंची पायांचा. एका नगाला साधारण सव्वाचारशे रुपये बांधणीचे पडतात. पहिले ते मी खिशातून घालायचो, आता बिलात वेगळी ओळ टाकतो. दोघा-तिघांनी कुरकुर केली, पण जास्त कोणी ताणलं नाही. क्लिपा मला जवळपास मिळाल्या नाहीत, नागपूरहून एकदम हजाराचं पाकीट आणतो.

पाट परत येत नाहीत एवढीच बोच आहे. 18 मिमी प्लाय काही स्वस्त नाही, म्हणून परभणीकडच्या एका गिऱ्हाइकाला मागितला, परतीच्या गाडीत टाका म्हटलं. त्याने फोटो पाठवला: ऑफिसच्या खिडकीखाली पाट, पाटावर कुलर, आणि माझा लाल बाण बरोबर वरच्या दिशेने.